चिप ओळख पटवते, वजन करीत नाही



मागील वार्षिक सभेत चहापाण्याच्या वेळी एका वयोवृद्ध सभासदाने मला बाजूला घेतले आणि विचारले, "साहेब, ते चिप का काय म्हणतात ते आता ट्रॅक्टरले लावणार म्हणे. त्यानं काटा बराबर होईन का?" मी घाईत होतो. "होईल की काकाजी," असे म्हणून मोकळा झालो. घरी गेल्यावर मात्र ते बोलणे मनाला लागून राहिले, कारण माझे उत्तर अर्धेच खरे होते. अर्धे खरे उत्तर सभासदाला देणे हे शेतकी खात्याचे काम नव्हे. म्हणून आज या पानावर त्या प्रश्नाचे पुरे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

ऊस वाहनांना रेडिओ-लहरींवर ओळख पटविणारी चिप बसवावी, हा विषय आपल्या संचालक मंडळापुढे विचारार्थ आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला आरएफआयडी म्हणतात. निर्णय मंडळ घेईल. परंतु पैसा सभासदांचा आहे आणि काट्यावर जाणारा ऊसही सभासदांचाच आहे. तेव्हा ही वस्तू काय आहे, ती काय करते आणि मुख्य म्हणजे काय करीत नाही, हे प्रत्येकाला समजले पाहिजे.

लकडगंजातला ओंडका

बैलबंड्यांची जुवे आणि दांड्या दुरुस्त करण्यासाठी लाकूड पाहायला गेल्या महिन्यात नागपुरास लकडगंजात जाणे झाले. नावाप्रमाणेच ही पेठ लाकडाची. आरागिरण्यांचा आवाज, भुशाचा वास आणि दुतर्फा रचलेले ओंडके. तिथे सागाच्या ओंडक्याचे कापलेले तोंड नीट पाहिले, तर त्यावर वन खात्याच्या हातोड्याचा ठसा असतो आणि रंगाने क्रमांक घातलेला असतो. वाहतुकीच्या पासाशी तो ताडून पाहता येतो. म्हणजे हा माल कुठून निघाला आणि कायदेशीर आहे की चोरटा, हे त्या खुणेवरून कळते.

आता गंमत बघा. ठसा कितीही स्पष्ट असला तरी व्यापारी ओंडक्याला टेप लावतोच. लांबी मोजतो, घेर मोजतो, मग घनफळ काढतो आणि त्यावर भाव सांगतो. ठसा सांगतो हा ओंडका कोणता. टेप सांगते तो किती. ही दोन कामे वेगळी आहेत आणि लाकडाच्या पेठेत त्यांची गल्लत कोणी करीत नाही. आपल्या काट्यावर मात्र ती होण्याची भीती आहे.

परतताना टेलिफोन एक्स्चेंज स्टेशनावरून मेट्रोने सीताबर्डीस आलो. सीताबर्डी ते प्रजापतीनगर हा मार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि मध्य नागपुरातून लकडगंजकडे जाणे सोपे झाले. स्टेशनाच्या फाटकाशी माझ्यापुढे एक बाई होत्या. त्यांनी पर्स उघडलीच नाही. पर्स तशीच फाटकावरच्या खुणेला टेकविली आणि फाटक उघडले. आतल्या कार्डाने बाहेरच्या यंत्राला आपला क्रमांक सांगितला होता, तोही पर्सच्या कातड्याआडून. हातोड्याचा ठसा आणि पर्समधले कार्ड यांचे काम एकच: मी कोण, हे सांगणे. फरक इतकाच की ठसा डोळ्यांनी वाचावा लागतो आणि कार्ड न दिसताही वाचले जाते.

ही चिप आहे तरी काय?

या व्यवस्थेत तीन वस्तू असतात. पहिली चिप, म्हणजे तिळाच्या दाण्याहूनही लहान असू शकणारा एक तुकडा. त्याला धातूच्या पातळ पट्टीचा अँटेना जोडलेला असतो. चिप आणि अँटेना मिळून जे होते त्याला टॅग म्हणतात. दुसरी वस्तू म्हणजे वाचक यंत्र, ते लहरी सोडते. तिसरा संगणक, ज्यात कोणत्या क्रमांकाचा मालक कोण याची नोंदवही असते.

साध्या टॅगमध्ये बॅटरी नसते. मग तो बोलतो कसा? लहानपणी आपण आरशाच्या तुकड्याने समोरच्या भिंतीवर कवडसा पाडत असू. आरशात दिवा नसतो. उजेड सूर्याचा असतो, आरसा तो फक्त परत पाठवितो. आरसा झाकला-उघडला की कवडसा लपतो-दिसतो आणि त्यातून खूण करता येते. टॅगही तेच करतो. वाचक यंत्राच्या लहरी अँटेनावर पडल्या की तेवढ्याच शक्तीवर चिप जागी होते आणि त्याच लहरी कमी-जास्त परतवून आपला क्रमांक कळविते. यंत्र बंद असले तर टॅग मुका.

टॅगचे दोन मुख्य प्रकार आपल्या उपयोगाचे आहेत. मेट्रोचे कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालते आणि जवळजवळ टेकवावे लागते. शेतातल्या डीपीमध्ये एका वेटोळ्यातली वीज तार न जोडता दुसऱ्या वेटोळ्यात जाते ना, तसाच हा प्रकार आहे. वेटोळी दूर नेली की काम थांबते. दुसरा प्रकार दुरून वाचण्याचा. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग त्यातला. भारतात त्यासाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढच्या लहरी वापरतात आणि काही मीटरवरून तो वाचता येतो. असे टॅग एकाच वेळी पुष्कळ समोर आले तरी यंत्र शाळेतल्या हजेरीसारखे एकेकाला बोलते करते. हे इतके झपाट्याने होते की आपल्याला सगळे एकदम वाचल्यासारखे वाटते.

येथे एक गैरसमज दूर करतो. आपल्या गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो, तो म्हणजेच चिप असे काही सभासद समजतात. तो साधा प्लॅस्टिकचा बिल्ला आहे. त्यावर आकडा आणि रेघांची खूण छापलेली असते. ती डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्यानेच वाचावी लागते. बिल्ल्यावर शेण बसले तर वाचता येत नाही. जनावरांसाठी रेडिओ-चिपचे बिल्लेही जगात आहेत, पण ते निराळे.

युद्धातून बाजारात

ही विद्या कालपरवाची नाही. दुसऱ्या महायुद्धात येणारे विमान आपले की शत्रूचे हे ओळखण्यासाठी ब्रिटनने विमानांवर उत्तर देणारी रेडिओ यंत्रे बसविली. १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परतवलेल्या लहरींनी संदेश पाठविता येतो यावर निबंध प्रसिद्ध केला. १९७३ साली अमेरिकेत मारिओ कार्डुलो आणि चार्ल्स वॉल्टन यांना या प्रकारच्या शोधांची पेटंटे मिळाली. वॉल्टन यांचा शोध कार्डाने दार उघडण्याचा होता. १९८७ मध्ये नॉर्वेतील ओलेसुंड येथे रस्त्याचा टोल अशा टॅगवर घेण्यास सुरुवात झाली.

व्यापारात मोठा गाजावाजा झाला तो २००३ मध्ये. अमेरिकेच्या वॉलमार्ट या दुकान-साखळीने आपल्या सर्वांत मोठ्या शंभर पुरवठादारांना कळविले की जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि मालाच्या चौकटींवर हे टॅग हवेत. सगळे ठरल्या वेगाने झाले नाही. पाण्याच्या बाटल्या आणि धातूचे डबे यांच्यापुढे लहरी अडत, खर्च पुरवठादारांच्या अंगावर येई. कपड्यांच्या धंद्यात मात्र ही चिप चांगली रुजली, कारण कापड लहरी अडवीत नाही. डेकॅथलॉनसारख्या खेळ-साहित्याच्या दुकानात टोपलीतला सगळा माल एकदम मोजून बिल होते ते याच टॅगवर. हा धडा आपण लक्षात ठेवू: चिप चांगली की वाईट, हे ती कशावर चिकटविली यावर ठरते.

आपल्या भागात पाहिले तर ही वस्तू केव्हाच घरात शिरली आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गावरील टोलनाक्यांच्या सर्व मार्गिकांत फास्टॅग आवश्यक झाला. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे मेट्रोच्याच दिवशी, खुला झाला. तिथे प्रवेशाच्या ठिकाणी गाडीची नोंद होते, बाहेर पडताना पुन्हा होते आणि मधल्या अंतराचा टोल पडतो. १ एप्रिल २०२४ पासून चिप असलेले ई-पासपोर्ट प्रायोगिक स्वरूपात देणे सुरू झाले. पहिल्या कार्यालयांत नागपूर होते. बँकेच्या ज्या कार्डावर चार वक्र रेघांची खूण आहे, तेही याच कुळातले. १ जानेवारी २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने पिन न टाकता अशा कार्डाने एका वेळी द्यावयाच्या रकमेची मर्यादा २,००० वरून ५,००० रुपये केली. म्हणून असे कार्ड हरवले तर उद्यावर ढकलू नका, त्याच घडीला बँकेला कळवून बंद करा. ही सोय नको असेल तर ती बंद ठेवण्याची मुभाही कार्डधारकाला आहे.

आपल्या कारखान्यात ती कुठे बसेल?

काही हंगामांपूर्वी आपल्याकडे घडलेली गोष्ट अनेकांना आठवत असेल. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन सभासद. रात्रपाळीत पावती करताना एकाचा कोड दुसऱ्याला पडला आणि तीन खेपांचे टनेज भलत्याच खात्यावर गेले. पंधरवड्याची यादी लागली तेव्हा लक्षात आले. दोघेही सज्जन म्हणून ते मिटले. पण पंधरा दिवस एका घरात झोप नव्हती आणि दुसऱ्या घरावर संशय होता. चूक कोणाची? झोपेला आलेल्या हातांची. अशा चुकीवर चिप हे खरे औषध आहे.

ते कसे, हे क्रमाने सांगतो.

शेतात तोडणी सुरू झाली की लागणीच्या नोंदीवरून त्या प्लॉटचा क्रमांक, सभासदाचा कोड, उसाची जात, तोडणी टोळी आणि वाहनाचा टॅग यांची गाठ चिटबॉयच्या मोबाइलवर बांधली जाईल. गाडी गेटवर आली की वरचे यंत्र टॅग वाचील आणि वेळ नोंदली जाईल. तेथूनच तिचा नंबर लागेल. भरल्या काट्यावर टॅग पुन्हा वाचला जाईल आणि वजन आपोआप त्याच सभासदाच्या नावापुढे पडेल. कोड हाताने टाकण्याची गरज राहणार नाही. गव्हाणीजवळ गाडी रिकामी झाल्याची वेळ नोंदली जाईल. रिकाम्या काट्यावर तिसऱ्यांदा ओळख पटेल, रिकाम्या वाहनाचे वजन वजा होईल आणि पावती निघेल.

यातून तीन फायदे होतात. पहिला, नावाची गल्लत थांबते. दुसरा, पाळी मोडणे अवघड होते. मागून आलेली गाडी पुढे कशी गेली, हे आज ज्याच्या-त्याच्या सांगण्यावर आहे. उद्या गेटवरची वेळ आणि काट्यावरची वेळ शेजारी-शेजारी छापलेली असेल. तिसरा फायदा मला शेतकी खात्याचा माणूस म्हणून सर्वांत मोलाचा वाटतो. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजनाने घटतो आणि त्यातली साखर उतरते. वजनाचा तोटा सभासदाचा, उताऱ्याचा तोटा सर्वांचा. आज यार्डात गाडी किती तास थांबली हे आम्ही अंदाजाने सांगतो. गेट ते गव्हाण हे तास रोज कागदावर आले, तर तोडणीचा कार्यक्रम किती टोळ्यांचा लावावा, कोणत्या गटातली तोड एक दिवस थांबवावी, हे आकड्यावर ठरविता येईल. मग यार्ड तुंबले तर जाब आम्हालाही द्यावा लागेल आणि तो द्यायलाच हवा.

बैलबंडीला दुरून वाचण्याचा टॅग बसवायची गरज नाही. गाडीवानाकडे मेट्रोसारखे कार्ड दिले आणि ते काट्याजवळच्या यंत्राला टेकविले तरी काम भागते.

चिप काय करीत नाही

आता काकाजींच्या प्रश्नाकडे वळतो. चिप वजन करीत नाही. वजन करतात ते काट्याखालचे लोडसेल. चिपेला फक्त एवढेच ठाऊक असते की काट्यावर अमुक क्रमांकाची गाडी उभी आहे. काटा कमी दाखवीत असेल, तर चिप ते कमी वजन अगदी बिनचूक नावावर, बिनचूक वेळेसह नोंदवील. खोटे वजन पक्क्या शाईत लिहिल्यासारखे होईल. आणि यंत्राने छापलेले म्हटल्यावर भांडणाऱ्याचे तोंडही बंद होईल. धोका आहे तो इथेच.

त्यातही सर्वांत निसरडी जागा रिकाम्या वाहनाच्या वजनाची. टॅग आला की संगणकात प्रत्येक वाहनाची नोंद होते. मग कोणालाही मोह होतो की दर खेपेस रिकामी गाडी पुन्हा काट्यावर कशाला आणायची? एकदा घेतलेले रिकामे वजन नोंदवून ठेवू, टॅग वाचला की आपोआप वजा करू, वेळ वाचेल. ऐकायला चांगले वाटते. पण ट्रॉलीचे रिकामे वजन रोज तेच राहत नाही. पावसाळी दिवसांत चिखल बसतो. फळ्या बदलतात, टायर बदलतात, डिझेल कमी-जास्त असते.

एक हिशेब मांडून बघा. समजा चिखल बसलेला असताना ट्रॉलीचे रिकामे वजन घेतले आणि ते १५० किलो जास्त नोंदले गेले. पुढे चिखल गेला, पण संगणकातला आकडा तोच राहिला. प्रत्येक खेपेला सभासदाच्या उसातून १५० किलो उडाले. १० टनांच्या १० खेपा म्हणजे १०० टन ऊस, त्यात दीड टन गायब. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनास ३,५५० रुपये एफआरपी ठरविली. त्या दराने तोडणी-वाहतूक कपातीआधी ५,३२५ रुपये झाले. कोणी चोरी केली नाही, काटा बरोबर, चिप बरोबर, तरी एवढे पैसे गेले. उलटही होऊ शकते. ट्रॉलीला नंतर लोखंड जोडले आणि जुनेच रिकामे वजन वजा होत राहिले, तर लोखंडाला उसाचा भाव मिळेल. तो तोटा कारखान्याचा, म्हणजे इतर सर्व सभासदांचा.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की चिप येवो वा न येवो, रिकामे वजन दर खेपेला झाले पाहिजे.

काट्याची तपासणी हाही वेगळा विषय आहे. वजनमापांच्या कायद्याप्रमाणे वाहनांच्या काट्याची पडताळणी वैधमापन शास्त्र विभागाकडून दर वर्षी होऊन मुद्रांकन व्हावे लागते. चिप बसविली म्हणून ते चुकत नाही. काट्याच्या शून्याकडे पाहण्याची सवयही सोडू नये. गाडी चढण्यापूर्वी पाटीवर शून्य आहे का, हे पाहायला चिप लागत नाही, डोळे लागतात.

लोखंड, पाणी आणि हातातला टॅग

वॉलमार्टचा धडा इथे लागू पडतो. दुरून वाचण्याच्या लहरींना दोन शत्रू: लोखंड आणि पाणी. लोखंड लहरी परतवते, पाणी त्या गिळते. आपली ट्रॉली लोखंडाची, आणि उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. मोटारीच्या काचेवरचा टॅग ट्रॉलीच्या पत्र्यावर तसाच चिकटविला तर वाचला जाणार नाही. मोळीखाली दबला तरी तेच. लोखंडावर बसविण्याचे जाड पाठीचे वेगळे टॅग मिळतात, तेच घ्यावे लागतील आणि ते पुढच्या उघड्या बाजूला, वाढे लोंबणार नाहीत अशा जागी बसवावे लागतील. ट्रॅक्टरला एक आणि प्रत्येक ट्रॉलीला एक असे टॅग असावेत, कारण ट्रॅक्टर तोच राहतो, ट्रॉल्या बदलतात.

दुसरी अडचण यार्डातली. दोन रांगा खेटून असल्या तर यंत्र शेजारच्या रांगेतला टॅग वाचू शकते. म्हणून काट्यावर एकाच जोडीचे टॅग वाचले गेले तरच वजन घ्यावे, नाहीतर यंत्राने थांबावे, अशी योजना हवी. सोबत गाडीचा फोटोही पडावा.

तिसरी गोष्ट माणसांच्या हिकमतीची. टोलनाक्यावर काही वाहनचालक फास्टॅग काचेवर न लावता हातात धरून दाखवू लागले. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला जुलै २०२५ मध्ये असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याची पावले जाहीर करावी लागली. कारण उघड आहे. टॅग हातात असला की तो कोणत्याही गाडीचा होतो. आपल्याकडेही तेच होणार. एका वाहनाचा टॅग दुसऱ्याने नेला, बाहेरचा ऊस सभासदाच्या नावावर आणला, किंवा नंबर लवकर लागावा म्हणून टॅग आधीच गेटवर पाठवून दिला, तर सारी व्यवस्था मातीमोल. त्यासाठी काढू गेल्यास फाटणारा किंवा रिबेट मारून पक्का केलेला टॅग हवा. नकलेचीही शक्यता धरून चालले पाहिजे. २००८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातील संशोधकांनी त्या काळी जगभर चालणाऱ्या एका जातीच्या कार्डाचे कुलूप उघडून दाखविले होते. टेंडर काढताना स्वस्तात स्वस्त कार्ड न पाहता चांगल्या कुलपाचे कार्ड पाहावे, असे मी मंडळास सुचविले आहे.

आणखी एक शंका काही भगिनींनी काढली की टॅगमध्ये आपल्या खात्याची, जमिनीची माहिती असणार का? तशी गरज नाही. टॅगमध्ये फक्त क्रमांक असावा. नाव, टनेज, खाते हे कारखान्याच्या संगणकात. त्या संगणकाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत आणि वजनाची नोंद कोणी बदलली तर तिचा माग राहतो का, हा खरा विचारायचा प्रश्न आहे. तो सभेत अवश्य विचारावा.

सभासदांनी काय करावे?

निर्णय काहीही होवो, पुढील गोष्टी प्रत्येक सभासदाने आजपासून पाळाव्यात.

१. लागणीची नोंद करताना प्लॉट, जात आणि तारीख स्वतः तपासावी. मुळातली नोंद चुकली तर चिप चुकीचाच ऊस बिनचूक ओळखेल.

२. वजनपावतीवर भरलेले वजन, रिकामे वजन आणि निव्वळ वजन असे तीन आकडे व त्यांच्या वेळा आहेत का, ते पाहावे. नुसते निव्वळ वजन असलेली पावती घेऊ नये.

३. एकाच ट्रॉलीचे रिकामे वजन दर खेपेला किलोपर्यंत तेच येत असेल तर विचारणा करावी. खरे रिकामे वजन थोडेफार हलतेच.

४. पावत्या फेकू नयेत. मोबाइलवर संदेश आला तरी कागद ठेवावा आणि पंधरवड्याच्या यादीशी ताडून पाहावा.

५. टॅग किंवा कार्ड कोणाला उसने देऊ नये, शेजारधर्म म्हणूनही नाही. हरवले तर त्याच दिवशी गट कार्यालयात कळवावे.

६. शंका आली तर गाडी रिकामी होण्यापूर्वी बोलावे. ऊस गव्हाणीत पडल्यावर पुन्हा वजन होत नाही.

शेतकी खात्याच्या बाजूने मी मंडळापुढे तीन मागण्या ठेवल्या आहेत. पहिल्या हंगामात जुनी पद्धत आणि चिप दोन्ही शेजारी-शेजारी चालवून आकडे ताडावेत. प्रत्येक खेपेच्या सगळ्या वेळा सभासदाला पाहता याव्यात, नुसत्या ऑफिसला नव्हे. आणि रिकाम्या काट्याला पर्याय म्हणून या यंत्राकडे कधीही पाहू नये.

काकाजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता नीट देतो. चिपेने काटा बरोबर होणार नाही. काटा बरोबर असला तर त्यावरचे वजन तुमच्याच नावावर पडेल आणि तुमच्या पाळीनेच पडेल, एवढी हमी ती देऊ शकते. ही हमी लहान नाही. त्या दोन सभासदांच्या घरी जाऊन विचारा. पण लकडगंजातला व्यापारी जसा ठसा पाहूनही टेप लावतो, तसे आपणही चिप पाहून पाटीवरचा आकडा वाचायचे सोडू नये.

सभेत आपले म्हणणे मांडावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी